आगोटीपर्यंत

दाराला कुलूप नव्हतं. दोन फळ्यांतल्या भोकांमधून सुतळी ओवून तिची गाठ मारलेली आणि गाठीत एक वाळकी काटकी खोचलेली. शेजारच्या घराला काथ्या होता, त्याच्या पुढच्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी. कारवीच्या कुडावरचं शेणाचं सारवण पोपडे धरून सुटायला लागलं होतं. अंगणात उखळाच्या तोंडावर एक सपाट दगड ठेवलेला. माघातली सकाळ, नऊ वाजून गेलेले, आणि पंधरा-वीस घरांच्या त्या पाड्यात एकाही घरावर धूर नव्हता.

आम्ही भूपतगडाकडे निघालो होतो. जव्हारहून झापच्या रस्त्याला लागल्यावर मध्येच आत वळून हा पाडा लागतो. मला फिरवायला आलेला मुलगा असेल बावीस-तेवीस वर्षांचा. पावसाळ्यात मुंबई-नाशिकची माणसं धबधबे बघायला येतात, त्यांना तो दाभोसा, काळमांडवी, शिरपामाळ असं सगळं दाखवतो. एरवी मिळेल ते काम. "जरा इथे थांबू, एक काम आहे," म्हणत त्यानं मोटारसायकल आंब्याखाली उभी केली. मी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "इथली माणसं कुठे गेली?"

"जगायला गेलीत, ताई."

बाजारला गेलीत, लग्नाला गेलीत, तसं म्हणाला. जव्हार-मोखाड्यात हा रोजच्या बोलण्यातलाच शब्द आहे, हे मला नंतर कळलं. सरकारी कागदावर त्याला 'स्थलांतर' म्हणतात, अहवालात 'हंगामी' हे विशेषण लावतात. इथे म्हणतात, जगायला जाणं. भात झोडून झालं, नागली-वरई घरात आली, दिवाळी झाली की जगायला जायचं. आगोट लागली, म्हणजे पाऊस तोंडावर आला, की परत यायचं. मला ते दोन शब्द ऐकल्यापासून सोडत नाहीत. आपलं घर, आपलं शेत, आपला देव ज्या गावात, ते गाव राहायचं. आणि जगायचं ते दुसरीकडे.

ओसाड गाव दाखवायला नेणारी एक सहल मी याआधी केली होती. सहा वर्षांपूर्वी भावाकडे अमेरिकेत गेले होते, तेव्हा त्यानं आम्हाला नेवाडाच्या वाळवंटात ऱ्हायोलाइटला नेलं. लास वेगासपासून दोनेकशे किलोमीटरवर, डेथ व्हॅलीच्या उंबऱ्याशी हे गाव आहे, किंवा होतं. 1904 मध्ये तिथल्या डोंगरात सोनं सापडलं. वर्षभरात तंबूंची रांग उभी राहिली, पाठोपाठ आगगाडी आली, वीज आली, शाळा आली, तीन मजली बँक उभी राहिली. लाकूड मिळेना म्हणून एका माणसानं दारूच्या हजारो बाटल्या मातीत रचून घर बांधलं, ते अजून उभं आहे. मग 1907 मध्ये तिकडे पैशाची मोठी मंदी आली, 1911 मध्ये मुख्य खाण बंद पडली, 1916 मध्ये वीज बंद झाली. 1920 पर्यंत गावात जवळजवळ कोणी उरलं नाही. उण्यापुऱ्या पंधरा वर्षांत जन्म, भरभराट आणि मरण.

रुंद काठाची टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ आम्हाला सगळं दाखवत होते. त्यांचं त्या जागेवर प्रेम होतं, हे त्यांच्या प्रत्येक वाक्यातून कळत होतं. इथे बँक होती, इथे तिजोरी होती, इथे आगगाडी थांबायची. आम्ही अर्धवट भिंतींच्या खिडक्यांतून निळं आभाळ पाहिलं, फोटो काढले. ते म्हणाले की गाव नुसतं पडलं नाही, ते नेलं गेलं. माणसं निघून गेली तशी घरंही गेली. फळ्या, विटा, कौलं उचलून लोकांनी शेजारच्या बीटी नावाच्या गावात लावली. खाणकामगारांच्या संघटनेचं अख्खं सभागृहच तिकडे गेलं. मला त्यातलं हे सगळ्यात आवडलं होतं. कुठल्यातरी घराच्या भिंतीत दुसरं एक गाव मुरलेलं असतं, ही कल्पना. त्या वेळी ती फक्त कल्पना होती.

जव्हारच्या त्या पाड्यात उभं राहिल्यावर मला ऱ्हायोलाइट आठवलं ते शांततेमुळे. वारा, सावरीच्या झाडावर कलकलणाऱ्या साळुंक्या, आणि बाकी काही नाही. पण मुलगा चालता चालता सांगायला लागला आणि मला जाणवलं की हा फार वेगळी सहल घडवतोय.

"हे विटांवर आहेत, भिवंडीला. नवरा-बायको आणि मोठी पोरगी. धाकटा आजीजवळ असतो. हे वाड्याला, तेपण विटांवरच. हा एकटा गेलाय, रेतीवर. ह्यांची सून बाळंत व्हायची आहे, म्हणून ते होळीला येतील आणि तिला ठेवून जातील. हे विरारला, नाक्यावर उभे राहतात, मिळेल तिकडे जातात. ह्यांना ह्या वर्षी मुकादमानं लांब नेलं, गुजरातेत."

नेवाडातल्या त्या गृहस्थांचं प्रत्येक वाक्य 'होतं'नं संपायचं. याचं प्रत्येक वाक्य 'आहे'नं. बंद दारांच्या त्या ओळीसमोर उभा राहून तो माणसांची हजेरी घेतल्यासारखं बोलत होता.

जव्हार हे दाखवण्याजोगं गाव आहे. दीड हजार फुटांवरचं, ठाण्याचं महाबळेश्वर म्हणून शाळेच्या भूगोलापासून ऐकलेलं. मुकणे घराण्याचं इथे जवळजवळ सहाशे वर्षं राज्य होतं. महादेव कोळ्यांचं राज्य. जयबा मुकण्यानं बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागितली आणि कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यानं अख्खा मुलूख वेढला, अशी दंतकथा आहे. त्याच्या मुलाला, नेमशाहाला, 1343 मध्ये दिल्लीच्या सुलतानानं राजा म्हणून मान्यता दिली. सुरतेवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले, राजानं त्यांच्या मस्तकी शिरपेच खोवला, तो शिरपामाळ. शेवटचे राजे यशवंतराव यांचा जयविलास राजवाडा गुलाबी दगडात बांधलेला, काजूच्या झाडीत. 1948 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. हे सगळं मी आदल्या दिवशी पाहिलं होतं. चांगलं आहे, पाहण्यासारखं आहे. पण ही पाहण्याची ठिकाणं पाहायला लोक येतात ते आषाढ-श्रावणात, आणि त्यात एक गोष्ट नजरेआड राहते. पावसात धबधबे कोसळत असतात तेव्हा गावंही भरलेली असतात. खाचरांत आवणी चाललेली, इरली डोक्यावर घेतलेल्या बाया ओळीनं वाकलेल्या, वरकस उतारावर नागली लावलेली. पर्यटक ते पाहतो आणि म्हणतो, किती सुंदर, किती समाधानी आयुष्य. दिवाळीनंतर धबधबे आटतात आणि माणसंही आटतात. तेव्हा इथे यायला कुणाला काही कारण उरत नाही.

आटतात हा शब्द मी विचार करून लिहितेय. जव्हार-मोखाडा या दोन तालुक्यांवर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जमीन म्हणजे काळ्या कातळाचे थर, त्यांवर हातभर माती. पाणी धरून ठेवणारं काही नाही. पडलेलं पाणी तासाभरात ओढ्यात आणि दिवसाभरात नदीत. मोखाड्यात फाल्गुन-चैत्रात टँकरची वाट पाहणारे पाडे आहेत, विहिरीच्या तळाशी झऱ्याजवळ बसून वाटीनं हंडा भरणाऱ्या बाया आहेत. आणि याच मोखाड्यात कोचाळ्याला वैतरणेवर 102 मीटर उंचीचं मध्य वैतरणा धरण आहे. मुंबईला त्यातून रोज 455 दशलक्ष लिटर पाणी जातं. जव्हारच्या पिंजाळ नदीवरही मुंबईसाठी धरण बांधायची योजना कित्येक वर्षं कागदावर आहे. नकाशा उघडून पाहिला तर पाण्याची वाट आणि माणसांची वाट जवळजवळ एकच दिसते. दोन्ही घाटावरून पश्चिमेला उतरतात, दोन्ही शेवटी मुंबईच्या आसपास पोचतात. फरक एवढाच की पाण्याचा हिशेब रोज ठेवला जातो.

खाणीच्या गावाचं एक सरळ गणित असतं. जमिनीत काहीतरी मोलाचं असतं म्हणून माणसं तिथे येतात, ते संपलं की जातात. नामिबियाच्या वाळवंटातलं कोल्मान्सकोप हिऱ्यांवर वसलं, हिरे दक्षिणेकडे अधिक सापडायला लागले तसं ओस पडलं, आज त्याच्या दिवाणखान्यांत गुडघाभर वाळू आहे. कर्नाटकातली कोलारची सोन्याची खाण 2001 मध्ये बंद झाली. जव्हार-मोखाड्याच्या जमिनीत सोनं नाही, हिरे नाहीत. इथे बाहेरच्याला मोलाचं वाटेल असं जे होतं ते म्हणजे जंगलातला साग आणि माणसांचं मनगट. साग इंग्रजांपासून नेत आले. मनगट अजून नेतात. ही खाण मात्र दरसाल पावसाळ्यात आपोआप भरते, म्हणून ती बंद पडत नाही आणि म्हणून तिच्याविषयी कुणी हळहळतही नाही.

नेण्याची रीत साधी आहे. भाद्रपद-अश्विन हे इथले पोटाला चिमटा घेणारे महिने. जुनं धान्य संपलेलं, नवं अजून शेतात. तेव्हा मुकादम येतो आणि बयाणा देतो. बयाणा म्हणजे आगाऊ रक्कम. कुणाला आजारपणासाठी हवी असते, कुणाला घर शाकारायला, पुष्कळदा मुलाच्या लग्नासाठी. दिवाळीनंतर ट्रक येतो आणि भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं सगळं भरून घेऊन जातो. भट्टीवर प्रत्येक कुटुंब स्वतःसाठी कच्च्या विटा रचून, वर पेंढा टाकून खोपट करतं, त्याला भोंगा म्हणतात. माणूस उभा राहिला तर डोकं लागतं. पहाटे दोन-तीनला उठून गारा तुडवायचा, साच्यात घालायचा, थापायचा, ओळी लावायच्या, उन्हं चढेपर्यंत. हजार विटांचा एक दर, जोडीनं मिळून. आठवड्याला पोटापुरती खर्ची हातात पडते, बाकीचा हिशेब हंगामाच्या शेवटी, बयाणा वळता करून. काही जण चार पैसे घेऊन येतात. काही जण अंगावर बाकी घेऊन येतात, आणि मग पुढच्या वर्षीची भट्टी याच वर्षी ठरून जाते.

याला फार जुना धागा आहे. 1945 मध्ये तलासरी-डहाणू-उंबरगावचे वारली शामराव आणि गोदावरी परुळेकरांसोबत उभे राहिले, ते वेठ आणि लग्नगडी मोडायला. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतलेला माणूस, जो बायकोसकट जन्मभर त्याच्या शेतावर राबायचा. ती पद्धत त्या लढ्यात मोडली. 1976 मध्ये वेठबिगारीविरुद्ध देशाचा कायदाही झाला. रोजगार हमीची कल्पना तर महाराष्ट्रानंच देशाला दिली. 1992 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली तेव्हा मंत्री आले, योजना आल्या. त्यानंतर रस्ते झाले, आश्रमशाळा झाल्या, 2014 मध्ये पालघर हा वेगळा जिल्हाही झाला. मी हे सगळं कमी लेखत नाही. भट्ट्यांवर 'विधायक संसद' या संस्थेनं चालवलेल्या भोंगाशाळांत पहिल्यांदा पाटी हातात घेतलेली मुलं आज मोठी झाली आहेत. तरीही मागच्या माघात त्या पाड्यात धूर नव्हता, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आणि मला ते विसरता येत नाही याचं एक कारण घरचं आहे. आमची डोंबिवलीची इमारत 1987 सालची. काही वर्षांपूर्वी न्हाणीघराची दुरुस्ती काढली, गवंड्यानं जुना गिलावा फोडला आणि आतल्या लाल विटा उघड्या पडल्या. त्यातल्या एका विटेवर चार बोटांचा ठसा होता. ओली असताना कुणीतरी उचलली असणार. मी सहज माझी बोटं त्या खळग्यांवर ठेवून पाहिली, ती त्यात मावली नाहीत. ठसा लहान हाताचा होता. दुसऱ्या दिवशी त्यावर सिमेंट लागलं, फरशी बसली. ती वीट कुठून आली हे मला कधीच कळणार नाही. कल्याण-भिवंडीच्या कुठल्याही भट्टीवरची असेल, त्या हाताचं गाव कुठलंही असेल. पण ऱ्हायोलाइटच्या भिंती बीटीत मुरल्या तसं कुठलं तरी गाव आमच्या न्हाणीघराच्या भिंतीत आहे, हे मला त्या बंद दारांसमोर उभं राहून एकदम कळलं. आणि ती कल्पना आता मला आवडेना.

पाडा पूर्ण रिकामा नव्हता. टोकाच्या घराच्या ओट्यावर एक आजी बसली होती, तिच्याजवळ पाच-सहा वर्षांचा नातू. ती सुपात मोहाची जुनी फुलं निवडत होती. माझ्याबरोबरचा मुलगा तिच्याशी त्यांच्या बोलीत काही बोलला, ती हसली, माझ्याकडे पाहून म्हणाली, "कुठची गं बाय?" मी डोंबिवली म्हणाले. तिनं मान हलवली. तिला डोंबिवली माहीत होती, तिथल्या एका मोठ्या इमारतीच्या कामावर तिनं रेती वाहिली होती, तिचा माणूस जिवंत असताना. "लय उंच होती," म्हणाली. मग तिनं नातवाला आत पिटाळून माझ्यासाठी तांब्याभर पाणी आणवलं. ते पाणी किती लांबून आलं असेल ते मला कळत होतं. मी दोनच घोट घेतले आणि तांब्या परत दिला, तर ती रागावली. "पी सगळा."

मी सगळं पाणी प्यायले.

सगळ्या पाड्यावर तिची नजर असते, मुलानं सांगितलं. कुणाच्या दाराची गाठ कशी, हे तिला ठाऊक आहे. सुटलेली किंवा दुसऱ्या हातानं मारलेली गाठ तिला लांबून कळते. गाठीत खोचलेली काटकीही तिचीच. उंदीर, साप, कुत्री यांच्यासाठी ती आठवड्याला एकदा सगळ्या घरांभोवती फिरते. खालच्या खाचरात एका कोपऱ्यात पाला, गोवर आणि फांद्या रचून ठेवल्या होत्या, वर माती पसरलेली. राब. चैत्रात तो भाजायचा, म्हणजे पावसाला तिथे भाताची रोपं चांगली धरतात. मागे उरलेल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी तो सगळ्यांसाठी रचला होता, प्रत्येकाच्या खाचरात थोडा थोडा.

"झालं का तुझं काम?" मी मुलाला विचारलं. मला वाटलं होतं, आजीला काही द्यायचं-घ्यायचं असेल.

"नाही अजून," म्हणत तो त्या पहिल्या घराकडे गेला, सुतळीच्या दाराच्या. खाली बसून त्यानं काटकी काढून बाजूला ठेवली आणि गाठ सोडली. एवढ्या वेळात इतक्या घरांची हकीकत त्यानं सांगितली, हे घर कुणाचं ते मात्र सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हा लक्षात आलं.

"आई-बाबा वसईला आहेत," तो म्हणाला. "मीपण सातवीपर्यंत जायचो. मग आश्रमशाळेत राहिलो."

आत अंधार होता, थंडावा होता, जुन्या धुराचा आणि शेणाचा वास होता. चुलीत राख होती, भिंतीवर पांढऱ्या रेषांचा एक चौक, लग्नाच्या वेळी लिहिलेला, अर्धा पुसलेला. कोपऱ्यात रिकामी कणगी. त्यानं आधी केरसुणीनं वाळवीचा माग झाडला, कुडाच्या तळाशी थोडं रॉकेल शिंपडलं. मग आढ्याला शिंकाळ्यात टांगलेला एक वाळका भोपळा हळूच खाली उतरवला. तोंडाला कापडाचा बोळा होता. तो काढून त्यानं तळहातावर थोडं ओतलं. राखेत मिसळलेलं नागलीचं बी, मोहरीएवढं, तांबूस. उजेडाकडे नेऊन बोटानं पसरून पाहिलं, एक दाणा दाताखाली धरला, कट् असा आवाज झाला.

"कीड नाही," तो म्हणाला.

ऱ्हायोलाइटच्या बँकेतली तिजोरी मी पाहिली आहे. तिचं दार काढून नेलेलं होतं आणि आत वाळू होती.

त्यानं तळहातावरचं बी एकही दाणा न सांडता परत ओतलं, बोळा लावला, भोपळा कानाशी धरून एकदा हलवला आणि होता तिथे टांगला. बाहेर आल्यावर दार ओढून घेतलं, सुतळी ओवली, गाठ मारली. मग काटकी खोचायला गेला, तेवढ्यात टोकाच्या ओट्यावरून आजीनं हाक दिली. त्यानं काटकी तशीच दारापाशी ठेवली. ती यायला उठलीच होती.